थॉमस गॅलॉडेट: सांकेतिक भाषा घरात आणणारा माणूस

बाळाला ऐकू येत नाही असे निदान झाले की घरातले सगळे काही दिवस सुन्न असतात. मग प्रश्न सुरू होतात. श्रवणयंत्र कोणते घ्यायचे, कॉक्लिअर इम्प्लांट करायचे का, खर्च किती येईल, मूल बोलेल का. या गर्दीत एक प्रश्न बहुतेक वेळा दवाखान्यातून निघता निघता, हळू आवाजात विचारला जातो. आम्ही बाळाशी खुणांनी बोलतो, ते बंद करायचे का? खुणांची सवय लागली तर मूल बोलायला आळस करेल, असे कोणीतरी तुम्हाला सांगितलेले असते.

उत्तर आधीच देतो. खुणा बंद करू नका. उलट त्या नीट शिका. का, हे समजण्यासाठी मी तुम्हाला एका माणसाचे आयुष्य सांगणार आहे. हा माणूस डॉक्टर नव्हता आणि स्वतः बहिराही नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत शेजारच्या घरातल्या एका मुलीमुळे तो या विषयात पडला आणि पुढे त्याच्या स्वतःच्या घरात आठ मुले हातांनी बोलत वाढली.

थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांचा जन्म १० डिसेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात झाला. नंतर त्यांचे कुटुंब कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला राहायला गेले. थॉमस थोरला आणि हुशार होता. सतराव्या वर्षी तो येलमधून पदवीधर झाला. प्रकृती मात्र जन्मभर नाजूक राहिली. त्याने कायद्याचा अभ्यास करून पाहिला, काही काळ शिकवले, व्यापाराच्या निमित्ताने प्रवास केला. शेवटी धर्मोपदेशक व्हायचे ठरवून धर्मशिक्षण पुरे केले आणि १८१४ साली तो हार्टफर्डला घरी आला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि पुढे नेमके काय करायचे हे ठरलेले नव्हते.

शेजारी डॉ. मेसन कॉग्सवेल राहत. ते त्या भागातले नावाजलेले शल्यचिकित्सक होते. त्यांची मुलगी अ‍ॅलिस १८०५ साली जन्मली. दोन वर्षांची असताना तिला अंगावर ठिपके उठणारा कडक ताप आला. वर्णनावरून तो मेंदूज्वर असावा. त्या काळात प्रतिजैविके नव्हती, तरी अ‍ॅलिस वाचली. ऐकणे मात्र गेले. जे चार शब्द ती बोलायला लागली होती तेही हळूहळू पुसले गेले, कारण लहान मूल स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकतच बोलणे टिकवते.

इथे एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. मेंदूज्वरामुळे आजही मुलांचे ऐकणे जाते. मूल बरे होऊन घरी आले म्हणजे प्रश्न संपला, असे समजू नका. डिस्चार्ज मिळतानाच श्रवण तपासणीबद्दल विचारा आणि ती काही आठवड्यांच्या आत करून घ्या. मेंदूज्वरानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड धरू लागू शकते. तसे झाले तर पुढे इम्प्लांट बसवणे अवघड होते. म्हणून इथे वाट पाहण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. लसीकरणाच्या कार्डावरच्या पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल आणि गोवर-रुबेला या लशी चुकवू नका, त्यामागे हेही एक कारण आहे.

पुन्हा अ‍ॅलिसकडे येऊ. वडील डॉक्टर, घर सुखवस्तू, आईवडील प्रेमळ, बहिणी सोबतीला. तरीही नवव्या वर्षापर्यंत तिला पुरी अशी कुठलीच भाषा मिळाली नव्हती. घरातल्या लोकांशी ती स्वतः तयार केलेल्या खुणांनी बोलत असे. ज्या घरात एखादे बहिरे मूल असते तिथे अशा खुणा आपोआप तयार होतात. तुमच्या घरातही झाल्या असतील. पाणी हवे असेल तर ओठांकडे अंगठा, बाहेर जायचे असेल तर दाराकडे हात, आजोबा म्हणजे डोळ्यांवर चष्म्याची गोल खूण. या खुणा मौल्यवान आहेत. मुलाचा मेंदू भाषा मागतो आहे, याचा तो पुरावा आहे. पण त्यांना मर्यादा असते. समोरची वस्तू मागता येते. बाबा काल उशिरा का आले, आजी गावाला गेली ती परत केव्हा येणार, इंजेक्शन उद्या आहे की आज, हे त्यातून विचारता येत नाही.

त्या उन्हाळ्यात मुले बागेत खेळत होती आणि गॅलॉडेट पाहत होते. अ‍ॅलिसही होती, पण खेळाचे नियम तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. गॅलॉडेट यांनी आपली हॅट तिला दाखवली आणि मातीत इंग्रजीत हॅट हा तीन अक्षरी शब्द लिहिला. हॅटकडे बोट, अक्षरांकडे बोट, पुन्हा हॅट, पुन्हा अक्षरे. असे बऱ्याच वेळा केल्यावर त्या रेघा म्हणजेच ही वस्तू, हे अ‍ॅलिसच्या ध्यानात आले. प्रत्येक गोष्टीला नाव असते, हे तिला समजले होते.

ही गोष्ट सांगून लोक सहसा इथेच थांबतात. मला ती इथे अपुरी वाटते. मातीत लिहिलेला शब्द म्हणजे भाषा नव्हे. शब्द एकेक करून शिकवत गेले तर मूल शब्दसंग्रह जमवते, पण गप्पा मारू शकत नाही. गॅलॉडेट यांच्याही हे लवकरच लक्षात आले असणार. डॉ. कॉग्सवेल यांच्याकडे पॅरिसच्या बहिऱ्यांच्या शाळेचे प्रमुख आबे सिकार यांचे पुस्तक होते. ते वाचून दोघांना समजले की युरोपात बहिऱ्या मुलांना पद्धतशीर शिकवले जाते. अमेरिकेत तशी कायमची शाळा नव्हती. मधल्या काळात हार्टफर्डमधल्या लिडिया हंटली या तरुण शिक्षिकेने अ‍ॅलिसला तिच्या बहिणींबरोबर आपल्या छोट्या शाळेत घेतले आणि खुणा, बोटांची अक्षरे, जे जमेल त्याने शिकवले. पुढे त्या कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाल्या.

डॉ. कॉग्सवेल यांनी आणखी एक काम केले, आणि डॉक्टर म्हणून मला ते फार आवडते. आपल्या मुलीपुरता विचार न करता त्यांनी राज्यातल्या पाद्रींना पत्रे पाठवून आपापल्या गावातल्या बहिऱ्या माणसांची मोजणी करायला लावली. एकट्या कनेक्टिकटमध्ये ८४ जण निघाले. एप्रिल १८१५ मध्ये त्यांच्या घरी गावातली काही मंडळी जमली आणि ठरले की कोणाला तरी युरोपात पाठवून ही विद्या शिकून आणावी. नाव अर्थातच गॅलॉडेट यांचे निघाले. पैसे पटकन जमले. मे महिन्यात त्यांनी जहाज पकडले.

इंग्लंडमध्ये त्यांची निराशा झाली. तिथल्या बहिऱ्यांच्या शाळा ब्रेडवुड कुटुंबाच्या ताब्यात होत्या आणि त्यांची पद्धत हे कुटुंबाचे गुपित होते. तिचा भर तोंडाने बोलायला शिकवण्यावर होता. शिकायचे असेल तर वर्षानुवर्षे सहायक म्हणून काम करा आणि पद्धत कोणाला सांगू नका, अशा त्यांच्या अटी होत्या. एडिंबरोच्या शाळेचे शिक्षकही ब्रेडवुड यांच्याशी करारानेच बांधलेले होते. गॅलॉडेट तिथे कित्येक महिने वाट पाहत राहिले. मुलांच्या भाषेवर कोणाचा मालकी हक्क असावा, ही कल्पना आज विचित्र वाटते. पण अमुक किट घेतल्याशिवाय मूल बोलणार नाही, असे सांगणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील तर ती तितकीशी जुनी नाही.

लंडनमध्ये असताना त्यांची सिकार यांच्याशी गाठ पडली होती. सिकार आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांसह तिथे प्रात्यक्षिके देत होते. ज्यां मासिउ आणि लोरां क्लेर हे ते दोघे. दोघेही बहिरे आणि दोघेही आता शिक्षक होते. श्रोते अवघड प्रश्न विचारत आणि हे दोघे फळ्यावर सुंदर फ्रेंचमध्ये उत्तरे लिहीत. गॅलॉडेट १८१६ च्या वसंतात पॅरिसला गेले आणि त्यांच्याकडे शिकू लागले. तिथे काहीच गुप्त नव्हते.

क्लेर यांच्याबद्दल थोडे सांगायला हवे. त्यांचा जन्म १७८५ चा. वर्षाचे असताना ते आगीत पडले आणि गालावर कायमचा व्रण राहिला. बारा वर्षांचे होईपर्यंत शाळा नाही. पॅरिसच्या शाळेत आले तेव्हा त्यांना सांकेतिक भाषा मिळाली आणि काही वर्षांत ते तिथलेच शिक्षक झाले. बहिऱ्या लोकांमध्ये प्रत्येकाला एक खुणेचे नाव असते. क्लेर यांचे नाव म्हणजे दोन बोटे गालावरून खाली फिरवणे, त्या व्रणावरून. तुमचे कुटुंब सांकेतिक भाषा शिकायला लागले की तुमच्या बाळालाही असे एक नाव मिळेल. शक्यतो ते एखाद्या बहिऱ्या व्यक्तीकडून घ्या, तशी रीत आहे.

एवढे सगळे काही महिन्यांत शिकून होणार नाही, हे गॅलॉडेट यांना कळले. म्हणून त्यांनी क्लेर यांनाच अमेरिकेला येण्याची विनंती केली. सिकार नाखुशीने तयार झाले. १८ जून १८१६ रोजी दोघांनी फ्रान्सचा किनारा सोडला. न्यूयॉर्कला पोहोचायला ५२ दिवस लागले. या ५२ दिवसांत क्लेर गॅलॉडेट यांना सांकेतिक भाषा शिकवत होते आणि गॅलॉडेट क्लेर यांना इंग्रजी. क्लेर रोजनिशीही इंग्रजीत लिहीत. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. ऐकू येणारा शिकवणार आणि बहिरा शिकणार, अशी वाटणी त्यांनी ठेवली नाही. भाषा ज्याची आहे त्याच्याकडूनच ते ती शिकले.

हार्टफर्डला पोहोचल्यावर अ‍ॅलिस आणि क्लेर भेटले. त्या दिवशी ती ११ वर्षांची व्हायला काहीच दिवस बाकी होते. तिच्याकडे घरगुती खुणा, क्लेर यांच्याकडे पॅरिसची भाषा. तरीही दोघांचे बोलणे झाले आणि एकमेकांना समजलेही, असे क्लेर यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. स्वतःसारखे मोठे माणूस तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिले असेल. बहिरे मूल पुष्कळदा असे समजते की मोठे झाल्यावर आपल्याला ऐकू येईल किंवा आपण मोठे होणारच नाही, कारण बहिरी मोठी माणसे त्याने पाहिलेलीच नसतात. तुमच्या मुलाची अशा एखाद्या ताईशी, दादाशी ओळख करून द्या. हे कुठल्याही गोळीत मिळत नाही.

पैसे जमवण्यात काही महिने गेले. दोघे गावोगाव सभा घेत फिरले. राज्याच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर मंजूर केले. १५ एप्रिल १८१७ रोजी सात विद्यार्थ्यांसह शाळा उघडली. अ‍ॅलिस त्यात होतीच. पहिल्याच वर्षी विद्यार्थी वाढत गेले आणि त्यात लहान मुलांबरोबर ५१ वर्षांचे चित्रकार जॉन ब्रूस्टर हेही होते. प्रत्येक जण आपल्या घरच्या खुणा घेऊन आला. पुढच्या वर्षांत मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरून मुले आली. तिथे आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण इतके होते की चिलमार्क गावात दर २५ माणसांत साधारण एक बहिरा असे. त्यामुळे गावातल्या ऐकू येणाऱ्या लोकांनाही खुणांची भाषा येत असे. तिथली लहान मुले ती खास शिकत नसत, कानावर मराठी पडावी तशी ती त्यांच्या डोळ्यांवर पडत असे. पॅरिसची भाषा, बेटावरची भाषा आणि घराघरातल्या खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकन सांकेतिक भाषा घडली.

पहिल्या वर्षी आलेल्यांत सोफिया फाउलर नावाची १९ वर्षांची मुलगी होती. गिलफर्ड गावची, शेतकरी घरातली, जन्मापासून बहिरी. तिची मोठी बहीण पार्नेलही बहिरी आणि दोघी एकदमच शाळेत आल्या. १९ वर्षे त्यांच्याकडे घरच्या खुणांपलीकडे काही नव्हते. सोफिया बुद्धिमान होती, सांकेतिक भाषा तिने झपाट्याने आत्मसात केली. तिला बहीण सोबत होती, हातांनी बोलणारे एक तरी माणूस घरात होते, हा तिचा फायदा झाला असावा. लिखित इंग्रजी मात्र तिला शेवटपर्यंत तितकी सहज झाली नाही. भाषा शिकण्याचे दार पूर्ण बंद कधी होत नाही, पण पहिल्या पाच वर्षांत ते जसे सताड उघडे असते तसे पुन्हा नसते.

१८२१ साली गॅलॉडेट यांनी सोफियाशी लग्न केले. ते ३३ वर्षांचे, ती २३ वर्षांची. त्यांना आठ मुले झाली आणि सगळ्यांना ऐकू येत होते. आता विचार करा, या घरात रोजचे बोलणे कसे चालत असेल. आईला हाक मारून उपयोग नाही. तिच्यासमोर यायचे, हात हलवून लक्ष वेधायचे किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करायचा. भूक लागली, पडलो, भावाने मारले, हे सगळे हातांनी आणि चेहऱ्याने सांगायचे. कोणी त्यांना धडे दिले नाहीत. दूध पाजताना, कपडे घालताना, रागावताना आई जे करत होती तेच त्यांनी उचलले. ज्या घरात आई किंवा वडील बहिरे असतात तिथली मुले आजही अशीच शिकतात. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, कधी थोडी आधीही, त्यांची पहिली खूण येते, आणि तोंडाचे बोलणे त्यामुळे मागे पडत नाही. गॅलॉडेट यांची आठही मुले बोलत होती. त्यातला एक मुलगा तर पुढे उत्तम वक्ता पाद्री झाला.

तुमच्या घरी परिस्थिती उलटी आहे. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांच्या आईवडिलांना ऐकू येते. म्हणजे भाषा येणारे माणूस घरात कोणी नसते आणि शिकायचे तुम्हाला असते, तेही पुढे जाऊन मुलाला देत देत. हे अवघड आहे, नाही म्हणत नाही. पण सोफियाच्या घरातल्या सवयी तुम्ही आजपासून उचलू शकता. बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली या. आधी नजर मिळवा, मग खूण करा. वस्तू आणि तुमचा हात दोन्ही त्याला एकाच वेळी दिसतील असे बसा. चेहरा कोरा ठेवू नका, कारण भुवया आणि ओठ हेही या भाषेचे व्याकरण आहे. बाळ कडेवर असेल तर एका हाताने खूण करा, चालते. त्याच्या हाताने वेडीवाकडी खूण झाली तर बोबडे बोल समजून आनंद माना, हात धरून सुधारत बसू नका.

सुरुवात कुठल्या शब्दांपासून करायची? दूध, आई, अजून, संपले, झोप, बाहेर. मी माझ्याकडून एक शब्द सगळ्यांना घालतो: दुखतंय. आणि तो दुखत असेल त्या जागेजवळ करायला शिकवा. दोन वर्षांचे बहिरे मूल रात्रभर रडते, सकाळी दवाखान्यात येते, आणि कान, पोट की दात हे त्याला सांगता येत नाही. ज्या मुलाला ही एक खूण येते त्याची तपासणी निम्म्या वेळात होते आणि ते कमी घाबरते.

आणखी एक, आणि हे बहुतेक घरांत राहून जाते. जेवायला बसल्यावर तुम्ही मोठी माणसे आपसांत जे बोलता त्यातले थोडे तरी खुणांनी बोला. ऐकू येणारे मूल अर्धी भाषा इतरांचे बोलणे कानावर पडूनच शिकते. बहिऱ्या मुलाला सगळे हसताना दिसतात आणि का हसले ते कळत नाही. नंतर सांगते, असे म्हणून आई विसरते. मग ते मूल ताटात मान घालून जेवते आणि आपण म्हणतो, किती शांत आहे.

गॅलॉडेट १८३० मध्ये शाळेच्या प्रमुखपदावरून दूर झाले. प्रकृती साथ देत नव्हती आणि व्यवस्थापनाशी मतभेदही होते. त्याच डिसेंबरमध्ये डॉ. कॉग्सवेल वारले. वडिलांच्या मृत्यूचा अ‍ॅलिसला इतका धक्का बसला की दोन आठवड्यांच्या आत तीही गेली. वय २५. पुढे गॅलॉडेट यांनी लहान मुलांसाठी पुस्तके लिहिली आणि १८३८ पासून हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून काम केले. त्या कामाबद्दल वेगळे लिहावे लागेल, इथे जागा नाही.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते त्यांचे १८४७ च्या सुमाराचे लेखन. बहिऱ्यांच्या शिक्षणावर तेव्हा नवे नियतकालिक निघाले होते. त्यात त्यांनी सविस्तर मांडले की बहिऱ्या मुलाने शाळेची वाट पाहत बसू नये. आईने, वडिलांनी, भावंडांनी घरातच त्याच्याशी खुणांनी बोलावे, आणि ते जितके लवकर आणि जितके मन लावून होईल तितके बरे. शाळा सुरू केल्यानंतर तीस वर्षांनी आणि पंचवीस वर्षांच्या संसारानंतर त्यांनी हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. त्यांचे एक म्हणणे मात्र आज टिकत नाही. सांकेतिक भाषा निसर्गदत्त आणि जगभर एकच आहे, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात भारतीय, अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचे व्याकरण आहे. हे भाषाशास्त्रात ठामपणे मांडले गेले ते १९६० मध्ये, विल्यम स्टोकी यांच्या अभ्यासानंतर. काम योगायोगाने एका कॉलेजात झाले, ज्याचे नाव गॅलॉडेट होते.

१० सप्टेंबर १८५१ रोजी थॉमस गॅलॉडेट यांचे निधन झाले. थोरला मुलगा थॉमस याने न्यूयॉर्कमध्ये बहिऱ्यांसाठी चर्च सुरू केले. धाकटा एडवर्ड २० वर्षांचा असताना वॉशिंग्टनच्या नव्या शाळेचा प्रमुख झाला आणि आईला सोबत घेऊन गेला. सोफिया तिथे मुलींच्या निवासाची व्यवस्था पाहत असे आणि मुलाच्या कामासाठी राजकारण्यांनाही भेटत असे. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी त्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. तेच पुढे गॅलॉडेट विद्यापीठ झाले.

मग ही भीती आली कुठून? १८८० साली मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ठराव झाला की मुलांना तोंडी बोलणेच शिकवावे, खुणा बंद कराव्यात. विरोधात मत देणाऱ्या मूठभर लोकांत गॅलॉडेट बंधू होते. ठरावानंतर जगभरच्या शाळांत मुलांचे हात अडवले गेले, कुठे कुठे बांधलेही गेले. हा समज औषधशास्त्राने दिलेला नाही, त्या परिषदेतून आणि तिच्या आगेमागे पसरलेल्या विचारातून तो आला. शेजारच्या काकूंपर्यंत पोहोचायला त्याला शंभर वर्षे पुरली.

आज आपल्याकडे काय माहिती आहे? सांकेतिक भाषेमुळे बोलणे थांबते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऐकू येणाऱ्या आईवडिलांची बहिरी मुले पाहिली गेली. ज्यांना सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषा मिळू लागली होती त्यांचा शब्दसंग्रह वयाप्रमाणे वाढत होता. त्यांचे आईवडील स्वतः तेव्हा शिकतच होते, त्यांची भाषा काही पक्की नव्हती. म्हणजे तुम्ही आधी पारंगत व्हा आणि मग मुलाशी बोला, असे नाही.

श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. योग्य मुलात योग्य वेळी ते जरूर करा. पण निदान, कागदपत्रे, शस्त्रक्रिया, यंत्र सुरू होणे आणि मग थेरपी, यात महिने जातात, कधी वर्ष जाते. तेवढा काळ मेंदू थांबून राहत नाही. यंत्र बसल्यावरही आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर मूल पुन्हा बहिरेच असते. तेव्हा हात उपयोगी पडतात.

बाळाची श्रवण चाचणी जन्मल्यापासून एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत सुरू, असे वेळापत्रक ठेवा. पहिल्या चाचणीला ओएई म्हणतात, बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा चाचणी करतात. टाळी वाजवून पाहिले आणि बाळ दचकले, यावर विसंबू नका. बाळ वाऱ्याच्या झोताने किंवा सावलीनेही दचकते.

भाषा शिकायची ती भारतीय सांकेतिक भाषा. इंटरनेटवर अमेरिकन भाषेचे व्हिडिओ पुष्कळ दिसतील, त्यांतली अक्षरे एका हाताची असतात. आपली अक्षरे मुख्यतः दोन हातांची आहेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश तयार केला आहे आणि तो फोनवर मोफत पाहता येतो. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी, श्रवणयंत्र आणि मार्गदर्शन मिळते. लांब राहत असाल तर जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा जवळच्या कर्णबधिर शाळेत विचारा. शाळेतल्या बहिऱ्या शिक्षकांना किंवा माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा घरी चहाला बोलावता आले तर फारच चांगले. त्यांच्याशी बोलताना मुलाला शेजारी बसवा.

आणि शिकायला फक्त आईला बसवू नका. बाबा, आजी, आजोबा, आत्या, शेजारचा खेळगडी, जो जो मुलाच्या रोजच्या दिवसात आहे त्याने दिवसाला दोन खुणा शिकाव्यात. भावंडे सगळ्यांत लवकर शिकतात. पुढच्या तपासणीला येताना त्यांनाही घेऊन या, मुलाला काय म्हणायचे आहे ते पुष्कळदा तेच मला सांगतात.